गोड्या पाण्याची बाई खाऱ्या खाडीत

पर्समध्ये एक फॉर्म, पिशवीत दोन किलो ज्वारीचं पीठ आणि डोक्यात एकच गोष्ट: पोरीला घेऊनच यायचं. एवढं सामान घेऊन फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातून निघाले. माझं आधीचं लिखाण ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, माझी झेप दौलताबादच्या पायथ्याला पेरू खाण्यापर्यंत किंवा फार तर कन्नडच्या घाटापर्यंत. समुद्र मी साठ वर्षांत एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि तोही पोरं मोजता मोजता. मास्तरीण असण्याचा हा तोटा. लाटा किती आल्या ते लक्षात नाही, त्रेचाळीस डोकी मात्र पक्की लक्षात आहेत.

माझी मुलगी प्रज्ञा तीन वर्षांपासून वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीवर राहते. मासे आणि समुद्र यांचंच शिक्षण घेतलं तिनं, आणि आता तिथल्या बायकांच्या गटासोबत समुद्री शेवाळाची शेती करते. तिचे पप्पा वारले त्याच्या पुढच्याच वर्षी ती तिकडं गेली. मी 'जा' म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटं माणूस किती दिवस शहाणं राहतं? म्हणून आमच्या इथल्या एका कॉलेजात तासिकेवर प्राध्यापकाची जागा निघाल्याचं कळल्याबरोबर मी फॉर्म आणला. शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची. सही फक्त तिची पाहिजे होती.

रिक्षात बसताना समोरच्या फरीदाभाभी गॅलरीतून म्हणाल्या, "मॅडम, बच्ची को लेकेच आना." मी हात हलवला. रिक्षावाल्यानं वळून विचारलं की बच्ची केवढी आहे, आणि एकोणतीस म्हटल्यावर त्यानं मुकाट्यानं रिक्षा सुरू केली.

आता जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. सिडको स्टँडवरून पहाटेची पुणे गाडी धरा. पुण्यात एका स्टँडवरून दुसऱ्यावर रिक्षानं जावं लागतं, त्याचा वेळ धरून चाला. संध्याकाळी कोल्हापूर, तिथं स्टँडसमोर मुक्काम, आणि सकाळी आंबोली घाटातून उतरणारी गाडी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळं एवढ्या लांबचा प्रवासही अंगावर येत नाही. जेवण मात्र घरून न्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती दोन दिवस पुरली, कारण शेजारी कुणी वाटून घ्यायलाच नव्हतं.

कायगावला गोदावरीचा पूल ओलांडताना गाडीतली सगळी माणसं उजवी-डावीकडं बघतात, तसं मीही बघितलं. पाणी चांगलं होतं. आमच्याकडं समुद्र म्हणजे जायकवाडी धरणाचा नाथसागर, आणि तो किती भरला हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगतं. खरा समुद्र आमच्या घरी यायचा तो सुकटीच्या रूपानं, कन्नडच्या बाजारातून, कागदाच्या पुडीत.

कोल्हापूरच्या लॉजवर मॅनेजरनं रजिस्टर पुढं केलं आणि विचारलं, "किती जण?" एक, म्हटलं. सकाळी कंडक्टरनं विचारलं, किती? एक. घाटातल्या हॉटेलात पोऱ्यानं विचारलं, किती चहा? एक. घरी हा आकडा कुणी विचारत नाही म्हणून तो ऐकू येत नाही. प्रवासात दिवसातून दहा वेळा तोंडानं सांगावा लागतो. एकट्यानं फिरायला निघणाऱ्यांना लोक सामानाच्या याद्या देतात, हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर प्रज्ञा स्कूटर घेऊन उभी होती. काळी ठिक्कर पडलेली, हाताला चिरा, पायात रबरी बूट. मी म्हटलं, काय अवतार केलास गं. ती हसली आणि माझी पिशवी उचलून म्हणाली, "मम्मी, यात दगड आणलेस का?" तिथून गाव अर्ध्या तासावर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गर्दी झाली तर तिथल्या बायका मला धरून विचारतील.

खाडीच्या काठाला पोचलो तेव्हा पलीकडं एक होडी चालली होती. प्रज्ञा स्कूटरवरूनच उभी राहून ओरडली, दोरी कुठं ठेवली, बांबू आले का, उद्याची ओहोटी किती वाजता. तो आवाज ऐकून मी दचकलेच. माझी पोरगी घरी इतकं हळू बोलायची की पप्पा गेल्यानंतर मला वाटायचं, हिला ताप तर नाही? दोघी एकमेकींना जपत कुजबुजत राहायचो. आणि इथं ही पाण्यावरून आवाज फेकतेय आणि पलीकडून होडीवाली तितक्याच जोरात उत्तर देतेय. मनात आलं, बाई, ही शिकली कुठून?

गट प्रज्ञा धरून आठ बायकांचा. त्यांच्या म्होरक्या पार्वतीकाकी, पासष्टीच्या, सडपातळ, जन्म मच्छीवर गेलेला. पूर्वी ही खाडी कशी भरलेली असायची आणि मोठ्या जाळ्यांनी ती कशी रिकामी होत गेली, हे त्यांनी मला पेज वाढता वाढता सांगितलं. आता त्या मासे कमी धरतात. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान तिसरी, म्हणजे खायची शिंपली, सापडली तर परत टाकतात, कांदळाची, म्हणजे खारफुटीची झाडं तोडू देत नाहीत कारण माशांची पिल्लं त्याच मुळांत वाढतात, आणि खाडीच्या तोंडाशी बांबूच्या तराफ्यांवर शेवाळ लावतात. या शेवाळाला ना खत, ना औषध, ना जमीन. दीड महिन्यात कापणीला येतं. त्याचा रस काढतात, आणि उरलेलं वाळवून कारखान्यात जातं, टूथपेस्ट-आइस्क्रीममध्ये पडतं. रसाची बाटली बघून मला हसू आलं. आमच्या कन्नडकडं अद्रकीवर फवारायचं टॉनिक म्हणून जे विकतात ते हेच. म्हणजे समुद्र आमच्या शेतात केव्हाच पोचला होता, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तराफे दाखवायला नेलं. मला पोहता येत नाही, होडीत मी दोन्ही हातांनी लाकूड धरून बसले. कापणी झालेल्या तराफ्यावर सगळ्या दोऱ्या रिकाम्या होत्या आणि कडेच्या एका दोरीवर मात्र शेवाळ तसंच, जाडजूड, लालसर, लोंबतं. मी म्हटलं, ही विसरली वाटतं. प्रज्ञा म्हणाली, विसरली नाही, ती दर्याची दोरी. प्रत्येक तराफ्यावरच्या आठ दोऱ्यांतली एक कधी पुरती कापायची नाही, कितीही भाव आला तरी. मासे तिच्याखाली थांबतात, आणि अडीअडचणीला त्यातूनच बी निघतं. मी मनातल्या मनात हिशेबी मास्तरीण झाले. आठातली एक सोडायची म्हणजे फुकटचं नुकसान, असं बोलूनही दाखवलं. काकींनी ऐकलं आणि वल्हं मारत राहिल्या.

त्या संध्याकाळी मी फॉर्म काढून प्रज्ञापुढं ठेवला. तिनं शेवटपर्यंत वाचला. मग चहाच्या डब्याखाली सरकवला आणि म्हणाली, "बघू." मला तो 'बघू' चांगला वाटला. नाय म्हटली नाही ना! मी ज्वारीच्या भाकरी थापल्या, तिनं तिसऱ्यांचं सुकं केलं, आणि मी मनात तिचं कपाट कुठं लावायचं ते ठरवून टाकलं.

आता पुढचं लिहायला हात जड होतोय. पण सांगितलं नाही तर बाकीचं सगळं खोटं पडेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी तमिळनाडूहून शेवाळाचं नवं बी आलं. बी म्हणजे शेवाळाच्याच कोवळ्या फांद्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. काठावर बायकांची सामानाची एक झोपडी आहे, तिच्या सावलीत त्या ठेवल्या. दुपारी ओहोटीला नव्या तराफ्यावर बांधायच्या होत्या. प्रज्ञा होडीचं इंजिन दुरुस्त करून आणायला बाजारात गेली, बायका घरी स्वयंपाकाला. मी म्हटलं, मी बसते राखणीला, कावळेबिवळे येतील.

बसले. गोणपाट उघडून बघितलं तर फांद्यांवर मिठाचे पांढरे डाग, चिखल, आणि वास. झोपडीमागं विहीर. काठोकाठ पाणी, हात घातला की लागेल असं. तुम्हाला कसं सांगू, मी संभाजीनगरची बाई आहे. आमच्याकडं नळाचा वार असतो, त्या वाराला लग्नाचं बोलावणंसुद्धा टाळतात. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, भाज्या धुतलेलं फरशीला. आणि त्याच्याही मागं एक गोष्ट आहे. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर हात लावू देत नव्हते, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. त्यामुळं आमच्या घरात कुणाला आपल्या हातानं चांगलं पाणी देणं याहून मोठा मान नाही. मला वाटलं, पोरीचं बी आहे, एवढ्या लांबून आलंय, उन्हातान्हात. बिचाऱ्याला अंघोळ घालू.

मी चौदा बादल्या ओढल्या. मोठ्या टबात मेथी धुवावी तशा त्या फांद्या तीन पाण्यांनी धुतल्या, आणि चौथ्या स्वच्छ पाण्यात भिजत ठेवल्या, ताज्या राहाव्यात म्हणून. कंबर मोडली, पण लई बरं वाटलं. कितीतरी दिवसांत कुणासाठी काही केलं नव्हतं. पदराला हात पुसून मी त्यांची वाट बघत बसले. कौतुकाची वाट बघत होते, दुसरं काय.

दुपारी सगळ्या आल्या. प्रज्ञा इंजिन लावायला खाली होडीकडं गेली होती, त्यामुळं आधी पार्वतीकाकींनी टब बघितला. पाणी गुलाबी झालं होतं. मला वाटत होतं मळ निघाला. काकींनी एक फांदी उचलली, ती बोटांत बुळबुळीत होऊन तुटली. मग त्यांनी बोट टबात बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडा पाणी," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता, "बाये, गोड्या पाण्यात ह्या जगणा नाय."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सात बायका टबाभोवती उभ्या, आणि एकीनं फक्त गोणपाटाची घडी घातली. प्रज्ञा वर आली. तिनं टब बघितला, विहिरीवरची ओली बादली बघितली, माझे सुरकुतलेले हात बघितले. "मम्मी, तू घरात जा," असं म्हणाली. हळू. आपल्या फ्लॅटमध्ये बोलायची तितक्या हळू. मला बी गेल्याचं वाईट वाटतच होतं, पण तो आवाज त्याहून जास्त लागला. तीन वर्षांत तिनं जे कमावलं होतं ते मी एका दुपारी पुसलं, असं वाटलं.

घरात बसून मी रडले. नंतर प्रज्ञा आली, शेजारी बसली. मी तिला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, मला तिथं करमत नाही गं. स्वयंपाक करताना मी टीव्ही लावते, बातम्यांचा आवाज मोठा ठेवते, घरात कुणी भांडतंय असं वाटावं म्हणून. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती माझे हात हातात घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पार्वतीकाकी दारात. मला वाटलं, आता बोलणार. त्या म्हणाल्या, गटाचा एक नियम आहे, पैशाबियशाचा दंड नाही. "जेच्या हातान नासला, तेच्याच हातान बांधूचा." आणि माझ्याकडं रबरी बूट टाकले.

होडी जुन्या तराफ्याकडं गेली. काकींनी आधी पाण्याला हात लावला, थोडा वेळ थांबल्या, मग दर्याच्या दोरीवरून एकेक फांदी निवडून कापली. सगळी नाही, अर्धीच. ज्या दोरीला मी फुकटचं नुकसान म्हटलं होतं, तीच माझ्या मदतीला आली. आमच्यात देवाला हात जोडत नाहीत, पण मीही पाण्याला हात लावला. मापात राहून घेणं आणि घेण्याआधी विचारणं, यात मला काही चूक दिसली नाही.

मग बांधायचं काम. मला उथळ पाण्यात उभं केलं, गुडघ्याएवढ्या. विताविताच्या अंतरावर एकेक फांदी, सुतळीचे दोन वेढे, गाठ घट्ट पण फांदी कापली जाणार नाही अशी. खाऱ्या पाण्यानं बोटांच्या चिरा झोंबत होत्या. तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला प्रज्ञा होती. ती तिच्या गाठी मारत होती. मी खाली मान घालून बांधत राहिले. आणि मग अचानक तिकडून आवाज आला, खणखणीत, आख्ख्या खाडीला ऐकू जाईल असा, "मम्मी, दोन वेढे सांगितले ना! ती गाठ सैल आहे, सोड आणि परत बांध!" आयुष्यात मी इतक्या आनंदानं कुणाची बोलणी खाल्ली नाहीत. बायका हसल्या. मी गाठ सोडली आणि परत बांधली.

दिवसभरात तीन दोऱ्या भरल्या. आठ भरायच्या होत्या. उरलेल्या पाच आता या तीन वाढतील तेव्हा त्यांच्या फांद्यांवर, म्हणजे जवळजवळ दोन महिने मागं. ते नुकसान माझंच, कोणत्याही गोड शब्दांनी ते भरून येत नाही. जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: मे संपायच्या आत जा, पावसाळ्यात तराफे काढलेले असतात. होडीतून फिरवतात, जेवायला घालतात, गावाचं नाव मला विचारा, आधी कळवून जा आणि जे मागतील ते घासाघीस न करता द्या. आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका, चांगल्या मनानं तर मुळीच नको.

निघायच्या सकाळी मी फॉर्मचं नाव काढलं नाही. प्रज्ञानं मला स्टँडवर सोडलं, पिशवीत कोकमं आणि सुकट भरून दिली, खिडकीपाशी गाडी हलेपर्यंत उभी राहिली. "पोचलीस की फोन कर," म्हणाली. कंडक्टरनं विचारलं, किती? मी सांगितलं.

घरी पोचले, पिशवी उपसली. कोकमांच्या पुडीखाली फॉर्म होता. पूर्ण भरलेला. तिचं वळणदार अक्षर, फोटो चिकटवलेला, आणि खाली सही. बरोबर चिठ्ठी वगैरे काही नाही. मी तो हातात धरून स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. जे आणायला गेले होते ते मिळालं होतं. फरीदाभाभींनी दारातून विचारलं, बच्ची? मी म्हटलं, येईल उन्हाळ्यात, सुट्टीला.

शुक्रवारी नेमका आमचा पाण्याचा वार. नळ आला, मी पिंप भरलं, हंडे भरले, कॉलेजचं ऑफिस पाच वाजता बंद होतं ते घड्याळात बघितलं. फॉर्म कपाटात, घडी घातलेल्या टॉवेलखाली होता. पाच वाजले. सहाला प्रज्ञाचा फोन आला.

"दिलास?" तिनं विचारलं. हळू.

"नाय दिला."

"का गं? मी सही केली होती ना."

मागं वारा ऐकू येत होता, आणि कुणीतरी तिला होडीवरून हाका मारत होतं. मी म्हटलं, "तिथं तुझा आवाज मोठा निघतो, प्रज्ञा. त्यांना ओ दे आधी."

फोन तोंडापासून न काढताच तिनं ओ दिली, एवढ्या जोरात की माझ्या कानाला दडा बसला. फोन ठेवल्यावर घर फार शांत झालं. मला करमत नाही, ते अजूनही तसंच आहे, त्यावर औषध सापडलेलं नाही. भाकरी टाकायला घेतली. टीव्ही लावायला उठले होते, पण त्या दिवशी तसाच बंद ठेवला, कारण कानात ती ओ अजून घुमत होती.